हौदाचं वावर

त्या साली साऱ्या वलगावाले एकच येड लागलं होतं, का आपलं नाव सरकारच्या वहीत लिहून घ्यायचं. अन् मी नत्थुजी, पन्नाशीचा बाप्या, 'माझं नाव लिहू नका बावा' म्हणून अमरावती-अकोला एक करून राहिलो होतो. हसा, हसा. तेव्हाही लोकं हसलेच. पण हसून झालं का ऐका. अशी धावपळ मी जन्मात केली नाई, अन् खरं सांगतो, अशी मजाही मले जन्मात आली नाई.

गोष्ट कापसाच्या तेजीतली. साता समुद्रापार कोणत्या तरी मुलखात आपसात लढाई जुंपली. तिकडचा कापूस बंद पडला, अन् विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे पाहाले लागल्या. काळ्या मातीले असा भाव कोणी ऐकला नव्हता. काल वावराच्या कडेले ज्या धुऱ्यावर गवत वाढून राहिलं होतं, तिथं आज कापसाची पऱ्हाटी. सख्खे भाऊ हातभर जागेसाठी एकमेकाच्या उरावर बसले. आमच्या गावात तर दोन साडूंनी एका बाभळीसाठी डोकी फोडून घेतली, अन् ती बाभूळ तिसऱ्याचीच निघाली.

अशात माझ्याजवळ बारा एकराचं एक वावर होतं, अन् ते माझं नव्हतं.

ते माझ्या दोस्ताचं, सूर्यभानाचं. त्याची बायको गेलेली, लेकरूबाळ नाई. एका उन्हाळ्यात कापसाची गाडी घेऊन अमरावतीले जाताना त्याचा बैल वाटेतच पाण्यावाचून बसला, तो उठलाच नाई. सूर्यभान त्या बैलाचं डोकं मांडीवर घेऊन सडकेवर रडला होता, मी डोळ्यानं पाहिलं. मंग त्यानं सडकेच्या कडेच्या आपल्या वावरात, विहिरीपाशी, दगडाचा हौद बांधला. कोणाचीही गाडी येवो, बैलं सोडा, पाणी पाजा, चालू लागा. मरताना त्यानं मले बोलावलं. चार माणसांसमोर माझ्या हातावर तुळशीचं पान ठेवलं, पाणी सोडलं, अन् म्हणला, "नत्थू, हे वावर हौदासाठी हाय. पिकवजो, मोट चालवजो. बैल तहानलेला जाऊ देऊ नको." मी म्हणलं, "जबान देतो." अन् तो गेला.

आमच्याकडे हातावर पाणी सोडलं का काम झालं. ना कागद, ना शाई. तिथंच सारा घोळ झाला.

एका मंगळवारी दवंडी पिटली. पुढच्या बुधवारी मोजणीचा साहेब गावात येणार, ज्याचं वावर त्यानं हजर राहावं, वहीत नाव चढंल, मंग सरकारदरबारी तोच मालक. दवंडी संपाच्या आधीच माझा पोरगा रामराव अंगणात नाचाले लागला.

"बाबा, हौदाचं वावरही आपल्याच नावानं चढते! बारा एकर! या भावात!"

"अबे भैताडा, ते आपलं नाई."

"मंग कोणाचं? पाणी कोणाच्या हातावर सोडलं? तुमच्याच ना? साऱ्या गावानं पाहिलं. का साहेब वहीत बैलाचं नाव लिहीन?"

पोरगं बरोबर बोलून राहिलं होतं! मी हाय तोवर हौद हाय. मी गेलो का रामराव, रामराव गेला का त्याची पोरं. त्यातला एखादा हुशार हौद बुजवून तिथं चार ओळी पऱ्हाटी लावीन, अन् म्हणीन, आमच्या आज्याचं वावर. वर सूर्यभान मले विचारीन, काय बे नत्थू? तर काय तोंड दाखवू?

दुसऱ्या दिवशी हलक्या गाडीले, रेंगीले, बैलजोडी जुंपली अन् अमरावती गाठली.

थांबा, आधी जोडीचं सांगतो. हरण्या अन् पाखऱ्या. बहिरमच्या जत्रेतून आणलेली. शिंगं अशी का सुतारानं मापून लावली, अन् चालले का रेंगीची चाकं जमिनीले लागतात का नाई असा वहीम यावा. शंकरपटाच्या शर्यतीत रामरावानं हाकली तर धुरळा खाली बसाच्या आत झेंड्यापाशी! आणली तेव्हा सारं गाव पाहाले जमलं. माझ्या बायकोनं, दुर्गाबाईनं, मात्र एक अजब केलं. नवी जोडी घरच्या दारात ओवाळायची रीत, तर ही ताट घेऊन थेट हौदावर गेली अन् तिथं जोडीचे पाय धुतले, कुंकू लावलं. मले वाटलं, गर्दी तिकडं होती म्हणून असंल. जोडी कशी घेतली ते पुढं सांगतो, मधात टोकू नका.

तर अमरावती. तिथं हेमचंद्रपंत वकिलाचं नाव लय गाजत होतं. लोडाले टेकून बसलेले. समोर माणसांची रांग.

"वावर पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"नाई. वावर नको."

"कोणी बळकावलं?"

"कोणी बळकावू नये म्हणून आलो."

"मग फिर्याद कोणावर करायची?"

"माझ्यावर!" मी म्हणलं. "मी अन् माझ्या औलादीनं ते वावर गिळू नये, असा बंदोबस्त करा."

सारी रांग खो खो हसली. एकानं तर डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं, एवढं हसू आलं त्याले. हेमचंद्रपंत मात्र हसले नाई. त्यांनी कारकुनाले सांगून दहा ओळींचा कागद लिहवून घेतला, फी घेतली अन् म्हणले, "हा राजीनामा. मोजणीच्या साहेबाला द्या. वावराशी तुमचा संबंध संपला."

काय सांगू राज्या, मी तर उडतच बाहेर आलो! एका दिवसात काम फत्ते! कचेरीच्या लिंबाखाली एक म्हातारा बसला होता, लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. मले अक्षर येत नाई, पण आनंद कोणाले तरी दाखवाव म्हणून त्याच्या हातात कागद दिला. त्यानं वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, अन् म्हणला, "पटेल, हे देऊ नका."

"काहून?"

"तुमी नाव सोडलं का वावर बेवारस. बेवारस वावर सरकारजमा. मंग लिलाव. या भावात कोणता सावकार सोडते? हौदासकट घेईन."

माझं डोकं असं तडकलं का विचारू नका! तसाच मागं फिरलो, रांग मोडून आत गेलो, अन् तो कागद पंतांच्या पुढ्यात टरटर फाडला. "तुमाले मी वाचवाले सांगतलं, अन् तुमी बुडवून दिलं," म्हणलं. फी परत मागतली नाई. मागतली असती तर हातघाईच झाली असती.

बाहेर म्हातारा माझी वाटच पाहत होता. "अकोल्याले जा," त्यानं सांगतलं. "कमलाकांतपंत म्हणून वकील हाय, किल्ल्यापाशी राहते. लोक त्याले अर्धवट म्हणतात. एका देवळाचा बगीचा पुजाऱ्याच्या पोरानं आपल्या नावावर केला होता, तो त्यानं सोडवून आणला. बाकीचे वकील विचारतात वावर कोणाचं. तो विचारते कशासाठी."

अर्धवट! म्हणलं, मले अर्धवटच पाहिजे. शहाणा तर आताच पाहून आलो.

बुधवार संपून राहिला होता. अकोला तीस कोस. जाऊन येऊन सात दिवस हाती. रामरावाले निरोप धाडला अन् गुरुवारी तांबडं फुटताच निघालो. बडनेरा मागं पडलं, मूर्तिजापुराकडे आगगाडीसाठी मातीचा बांध घालून राहिले होते. शेकडो माणसं टोपल्या घेऊन मुंग्यांसारखी चालली होती. त्यातल्या पोरांनी माझी जोडी पाहिली अन् टोपल्या टाकून टाळ्या पिटल्या. चैताचं ऊन मी म्हणत होतं, पण हरण्या-पाखऱ्यानं मान खाली घातली नाई. वाटेत जो भेटे तो विचारे, "कोणाची जोडी, पटेल?" मी छाती काढून सांगे, "माझी! वलगावच्या नत्थुजीची!" शनिवारी दुपार कलायच्या आत अकोला आलं.

कमलाकांतपंत ओट्यावर बसून कैऱ्या चिरून राहिले होते. वकील अन् कैऱ्या! कानावर बोरू, हातात विळी नाई, सुरी. मले वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो.

"बसा. वावर कशासाठी आहे?" त्यांनी विचारलं. मी अजून वावराचं नावही काढलं नव्हतं. मंग समजलं, त्यांच्याकडे येणाऱ्याचं काम वावराचंच असायचं त्या दिवसांत.

"बैलाले पाणी पाजाले," मी म्हणलं.

त्यांनी सुरी खाली ठेवली. कैरी तशीच राहिली. "सांगा, सांगा! पहिल्यापासून सांगा!" म्हणले अन् पुढं सरकून बसले. मी सारं सांगतलं. सूर्यभान, तुळशीचं पान, दवंडी, राजीनामा. ते मधातच उठून ओट्यावर फेऱ्या माराले लागले, टाळी काय वाजवली, मांडीवर थाप काय मारली. मले वाटलं लोकं उगीच अर्धवट नाई म्हणत.

"नत्थुजी, तुमच्या गावात गावजेवणाची भांडी कोणाकडे असतात?"

"भगवंतराव पाटलाकडे. चार मोठे गंज, दोन कढया, पराती."

"ती पाटलाची आहेत?"

"हट! गावची हायेत. त्याच्या घरी ठेवतो फक्त. घासायची त्यानं, कल्हई करायची त्यानं, कोणी मांगतली तर द्यायची त्यानं."

"पाटील विकू शकतो? पोराच्या वाटणीत घालू शकतो?"

"घालून तर पाहो! गाव त्याच्या घरात घुसंल."

"मग तुमचं वावर तेच आहे!" कमलाकांतपंत असे ओरडले का बाहेर बांधलेली जोडी दचकली. "घर पाटलाचं, कुलूप पाटलाचं, भांडी गावची. नाव तुमचं, राबणं तुमचं, वावर हौदाचं. याला अमानत म्हणतात. नाव पुसायचं नाही, नत्थुजी. नाव लागलंच पाहिजे, नाहीतर सांभाळणार कोण? फक्त नावापुढं लिहायचं, कशासाठी. आणि एकट्याचं नाव नाही. तिघांचं. एकाची नियत फिरली तर दोघं त्याचा हात धरतील."

माझ्या डोक्यात असा लख्ख उजेड पडला! एवढी सोपी गोष्ट! गावची भांडी! लहानपणापासून त्या गंजातली भाजी खाल्ली अन् मले सुचलं नाई. मी तर उठून पंतांचे पाय धरणार होतो. तेवढ्यात त्यांनी विचारलं,

"पाटलानं एखाद्या लग्नात ते गंज भाड्यानं दिले, तर भाडं कोणाचं?"

"गावचं!" मी ठासून म्हणलं. "त्याच्यातून कल्हई करा, नवी परात घ्या. पाटलाच्या खिशात काहून?"

"आणि तेजीत हौदाच्या वावरात कापूस आला, मोटेचा खर्च भागून उरला. त्याचं काय केलं?"

बाहेर हरण्यानं मान हालवली अन् घुंगरं वाजली. पंतांनी तिकडं पाहिलं, मंग माझ्याकडे पाहिलं.

आता सांगतो जोडी कशी घेतली. मोटेवर म्हातारे बैल होते, ते चालून राहिले होते. वर हौदाच्या उरलेल्या पैशात मी बहिरमले जोडी घेतली, अन् ती मोटेले नाई लावली. पटात पळवली, रेंगीले जुंपली, गावात मिरवली. म्हणलं, सात वर्षं राबलो, मले एवढंही नको? चोरी वाटलीच नाई हो. देवाशपथ नाई वाटली.

"कागद लिहीन," पंत हळू म्हणले, "पण त्यात जोडी लिहीन. वावर, विहीर, हौद आणि बैलजोडी. अर्धा खरा कागद मी लिहीत नाही. उद्या कोणी उभा राहून म्हणेल, या माणसानं हौदाच्या पैशानं स्वतःसाठी बैल घेतले, म्हणजे वावर त्याचंच. मग तुमचा सूर्यभान हरला."

"वावर न्या, विहीर न्या, माझी जोडी काहून मधात आणता?" माझा आवाज चढला. "तुमी वकील का दरोडेखोर?"

"जोडी तुमची नाही, नत्थुजी."

बस्स. मी पायात जोडा सरकवला, जोडी जुंपली अन् निघालो. मागं वळूनही पाहिलं नाई. अर्धवट म्हणतात ते खोटं नाई, हा तर पुरा येडा हाय, असं साऱ्या वाटेनं बडबडत मोर्णा नदीच्या काठी आलो. बैलं तहानले होते म्हणून पाण्यावर सोडले. माझ्या डोळ्यात पाणी आलं, रागाचं. दुसरं कायचं असणार?

तिथं कापसाची गाडी सोडून एक गाडीवान बैलाले आंघोळ घालून राहिला होता. पुंजाराम त्याचं नाव. जिकडं भाव तिकडं त्याची गाडी, आज अकोला, उद्या अमरावती. त्यानं माझ्या जोडीची तारीफ केली अन् गाव विचारलं.

"वलगाव? हौदवालं वलगाव?" तो एकदम खुलला. "अजी, माझे बैलं त्या हौदाच्या कोसभर आधीच जोर लावतात! मले हाकाव लागत नाई. गेल्या वैशाखात हा तांबडा पाय ओढून राहिला होता, म्हणलं आता बसते. हौद दिसला अन् तसाच चालत गेला. त्या हौदानं माझं घर वाचवलं."

माझी छाती फुगली. म्हणलं, आता हा नत्थुजीचं नाव घेईन. विचारलं, "कोणाचा हाय तो हौद?"

पुंजारामानं खांदे उडवले. "कोणाचा काय मालूम. हौद हाय."

आधी तर मले असा राग आला! सात वर्षं मोट हाकली, अन् नावही मालूम नाई? मंग पाहिलं, त्याचा तांबडा अन् माझा हरण्या एकाच जागी तोंड घालून पाणी पिऊन राहिले होते. नदी कोणाची, असं त्यांच्यातल्या कोणीच विचारलं नाई. सूर्यभानानं तर हौदावर आपलं नावही कोरलं नव्हतं. त्याचं स्वतःचं वावर, स्वतःचा दगड, अन् नाव नाई! अन् मी दुसऱ्याच्या पैशाच्या बैलावर 'वलगावच्या नत्थुजीची' म्हणून तीस कोस ओरडत आलो होतो. लाज वाटली हो मले. भर उन्हात नदीवर उभं राहून लाज वाटली.

मी पुंजारामाले म्हणलं, "चाल माझ्यासंग. तुले पंच करतो."

"पंच? मी गाडीवान माणूस!"

"म्हणूनच."

कमलाकांतपंत अजून ओट्यावरच होते. आमाले पाहून त्यांनी दोन तांबे पाणी मागवलं. मी म्हणलं, "लिहा. जोडी आधी लिहा, नाई तर माझा जीव पुन्हा फिरंल." ते हसले, अन् मंग आम्ही दोघंही हसलो. रविवारी कचेरी बंद, सोमवारी सकाळी स्टांपाचा कागद मिळाला. वावर, विहीर, हौद, हरण्या अन् पाखऱ्या. पंच तिघं : मी, भगवंतराव पाटील अन् ज्यांचे बैलं पाणी पितात त्यांच्यातला एक, पुंजाराम. मी सहीच्या जागी नांगराची निशाणी केली, पुंजारामानं त्याची. पाटलाची निशाणी गावात घ्यायची होती.

फी द्यायले मी कमरेची थैली सोडली तर पंत म्हणले, "ही घरची ना? हौदाची नको." मी म्हणलं, "घरची, घरची! आता तुमी मले तेवढं शिकवलं." मंग त्यांनी कागद माझ्या हातात दिला अन् म्हणले, "नत्थुजी, कागद मी पक्का केला. पण तुमच्यामागं तुमच्या पोराच्या तोंडातून काय निघेल, ते कोणत्याच वकिलाच्या हातात नाही."

आता बुधवार गाठायचा होता. दर्यापूरच्या वाटेनं निघालो. पुंजारामानं आपली गाडी सोबत्याकडे सोपवली अन् माझ्या रेंगीत बसला. राज्या, काय पळाले ते बैलं! शंकरपटात काय पळतीन! पुंजाराम दांडी धरून 'धीरे, पटेल, धीरे' म्हणून ओरडे, अन् मी म्हणे, 'मी काय करू, हौदाचे बैलं हायेत, हौदाकडे पळून राहिले!' पूर्णा लागली, तिच्यात पाणी गुडघाभर, थांबलोच नाई. बुधवारी सूर्य डोक्यावर आला तेव्हा वलगावच्या आमराईत साहेबाचा तंबू दिसला.

तंबूसमोर रामराव नवं पागोटं बांधून उभा होता. "या बाबा, या! आपलीच पाळी!" कारकुनानं बोरू शाईत बुडवलेला. मी रेंगीतून उडीच मारली, अन् "थांबा!" असा ओरडलो का साहेबाचा घोडा बुजला.

आधी भगवंतरावाले कागदाचा मतलब सांगतला. भांड्यांची गोष्ट ऐकून त्यानं दोन्ही हातांनी मिशा पिळल्या अन् लगेच निशाणी केली. मंग कारकुनानं साहेबाले कागद वाचून दाखवला. साहेबानं पुन्हा वाचाले लावला. मंग कारकून मले विचारते, "साहेब म्हणतात, एवढ्या भावात वावर देतोस, वर बैल देतोस. तुझ्यावर कोणी जुलूम केला का?"

"जुलूम? साहेब, जुलूम तर मीच साऱ्यांवर केला. अन् देऊन नाई राहिलो. माझं नव्हतंच!"

साहेब हसला. कारकुनानं वहीत लिहिलं अन् मोठ्यानं वाचलं : हौदाचे पंच, हौदासाठी. गावातले लोकं टाळ्या पिटाले लागले. मले तर वाटलं, आता नाचाव.

पण रामरावाचं तोंड पाहिलं. "वावर गेलं तर गेलं," तो म्हणला, अन् त्याचा आवाज फाटला. "जोडी काहून लिहिली, बाबा? मी हाकत होतो ना ती?" त्यानं हातातली बैल हाकायची पराणी माझ्या पायाशी टाकली अन् चालला गेला. त्या दिवसापासून पोरगं माझ्याशी एक शब्द बोललं नाई.

घरी आल्यावर दुर्गाबाईले सारं सांगतलं. ती भाकर थापून राहिली होती, थापतच राहिली. "मी तर जोडी आली त्याच दिवशी हौदावर ओवाळली होती," ती म्हणली. "मले वाटलं, तुमाले समजलं."

"मंग तोंडानं बोलली काहून नाई?"

"तुमी कोणाचं ऐकता का, अजी?"

हे मात्र खरं हाय.

हरण्या-पाखऱ्या मोटेले लागले. पटात पळणारे बैलं, पहिले आठ दिवस तर विहिरीत उडी मारतीन असं वाटे. मीच हाकत होतो. आखाडात माझा गुडघा सुजला, मोटेवर जायले कोणी नव्हतं. सकाळी पाहतो तर रामराव मोटेवर उभा. बोलला नाई. मीही बोललो नाई. मंग पेरा झाला, तण काढाले डवरे आले, त्या बारा एकरात डवरा त्यानंच हाकला. बैलाशी बोले, पुंजाराम आला का त्याच्याशी बोले. बापाशी नाई.

अन् पोळा आला. रामरावानं सकाळपासून जोडी धुतली, शिंगं रंगवली, झुली घातल्या, बाशिंगं बांधली. मले हात लावू दिला नाई. कासरा घेऊन तोरणाकडे निघाला. सुजल्या गुडघ्यानं मी मागं मागं. तोरणाखाली सारं गाव जमलं होतं, अन् आमच्या रीतीनं कोतवाल एकेका जोडीले पुकारत होता, 'कोणाची जोडी?' अन् मालक आपलं नाव सांगे. भगवंतराव पाटलाची, अमक्याची, तमक्याची.

मले पंतांचा शब्द आठवला. साऱ्या गावासमोर पोरगं 'आमची' म्हणलं तर मी काय करू? कागद नेऊन दाखवू? पोळ्याच्या दिवशी आपल्या लेकावर कागद काढू?

"कोणाची जोडी?" कोतवालानं पुकारलं.

रामरावानं हरण्याच्या झुलीवरून हात फिरवला. मंग त्यानं मान वर केली अन् असा ओरडला का तोरणाची पानं हालली असतीन.

"हौदाची!"

सारं गाव ओरडलं, हौदाची, हौदाची! डफडं वाजाले लागलं. मले समोरचं काही दिसेना, डोळे भरले होते, अन् ते रागानं नाई, हे मी कबूल करतो. तोरण तुटलं, बैलं आपापल्या घराकडे निघाले. रामराव मागं वळला.

"बाबा," तो म्हणला. चार महिन्यांनी. "आता घरी न्यायची का आधी हौदावर?"

"मले काहून विचारतो बे? त्यांले विचार."

त्यानं कासरा ढिला सोडला. हरण्यानं मान वळवली, पाखऱ्यानं वळवली, अन् दोघंही सडकेकडे चालू लागले. आम्ही दोघं बापलेक त्यांच्यामागं गेलो. हौदापाशी पाहतो तर दुर्गाबाई ओवाळाचं ताट घेऊन आधीच उभी होती.